किल्ल्याच्या पायथ्याचं प्रवाळ: मालवणात संरक्षणाची रेघ कुठे ओढायची?

मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे निघालेली होडी दहा-पंधरा मिनिटांत किल्ल्याच्या कुरटे बेटाला लागते. तेवढ्या वेळात तिच्याखालून सरकणारं पाणी हे राज्याच्या किनाऱ्यावरचं कायद्याने सर्वांत जपलेलं पाणी आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं एकूण क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर आहे. त्यातलं ३.१८२ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र, बाकीचं त्याला वेढणारं राखीव कडं. किल्ला, पद्मगड आणि त्यांच्या भोवतीचे पाण्याखालचे खडक या गाभ्यात येतात.

गाभा म्हणजे माणसाची वर्दळ कमीत कमी हवी अशी जागा. मालवणात दिवाळीच्या सुट्टीपासून मे अखेरपर्यंत सर्वांत जास्त होड्या, सर्वांत जास्त नांगर आणि जीवरक्षक जाकीट घातलेली सर्वांत जास्त माणसं याच गाभ्यात असतात. आणि प्रवाळही इथेच आहे.

ही विसंगती मालवणची बदनामी करायला सांगत नाही. संरक्षणाची जागा निवडताना आपण नेमकं काय तपासतो, हा प्रश्न या एका प्रकरणात फार स्पष्ट दिसतो, म्हणून ते उलगडून मांडतोय. शिवाय तोच प्रश्न आता पुन्हा समोर उभा आहे. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात, आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे. तिथलंही प्रवाळ वाचवावं असा प्रस्ताव आहे. मालवणात जे तपासायचं राहून गेलं, ते आंग्रियाला तरी तपासलं जाईल का?

रेघ कशी पडली

कोकण किनाऱ्यावर प्रवाळ असूच शकत नाही, असं बराच काळ गृहीत धरलं जायचं. कारणही पटण्यासारखं होतं. पावसाळ्याचे चार महिने नद्या लाल मातीचं पाणी समुद्रात ओततात, किनाऱ्यालगतचा खारेपणा उतरतो, पाणी इतकं गढूळ होतं की हाताचा पंजाही दिसत नाही. प्रवाळाला ऊन लागतं, निवळ पाणी लागतं. मग ते इथे कुठून येणार?

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी या समजाला छेद दिला. पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. मालवणच्या खडकांवरच्या जीवसृष्टीची पाहणीही त्याच सुमारास झाली, आणि इथे सागरी उद्यान करावं असा विचार पुढे आला. त्या काळाच्या मानाने हे मोठं काम होतं. पाण्याखाली काम करायची साधनं तुटपुंजी आणि किनारा दुर्लक्षित असतानाही त्या मंडळींनी शैवाल, शिंपले, खेकडे, मासे, प्रवाळ यांची नोंद जमवली.

पण त्या नोंदीचं स्वरूप लक्षात घ्यायला हवं. ती यादी होती. इथे काय काय आहे, याचं उत्तर तिच्यात होतं. ते कसं आहे, वाढतंय की खचतंय, त्याला कशापासून धोका आहे, याची उत्तरं यादीतून मिळत नाहीत. जीववैविध्य भरपूर, किल्ल्याचं ऐतिहासिक महत्त्व मोठं, म्हणून जागा निवडली गेली. निवड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. अपुऱ्या तपासणीवर झाली होती, एवढं मात्र म्हणेन.

दुसरी उणीव जास्त महागात पडली. या पाण्यात पिढ्यान् पिढ्या जाळं टाकणाऱ्या गाबित मच्छीमारांना कुणी विचारलं नाही. आपल्या दारातला समुद्र अभयारण्य झाला हे त्यांना निर्णयानंतर कळलं. मासेमारी बंद होणार, होडीचा मार्ग अडणार, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढता येणार नाही, ही भीती तेव्हापासून त्यांच्या मनात आहे आणि अभयारण्याला विरोधही तेव्हापासूनच आहे. गंमत वाटावी, पण वाईटच वाटतं, अशी एक गोष्ट सांगतो. किनारी समुद्रात अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना आधी करावी, असं कलम वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. ते आलं १९९१ च्या दुरुस्तीने. मालवणची अधिसूचना त्याआधी चार वर्षं निघाली होती.

हे प्रवाळ कसलं

प्रवाळ म्हटलं की डोळ्यांसमोर लक्षद्वीप किंवा अंदमान येतं. निळंशार पाणी, हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, रंगीत माशांचे थवे. मालवणला ते चित्र घेऊन उतरणारा माणूस निराश होतो. इथे सलग प्रवाळभिंत नाही. खडकांवर ठिगळं लावावीत तसं प्रवाळ पसरलं आहे. बहुतेक वसाहती गोलसर दगडासारख्या किंवा पातळ ताटासारख्या पसरणाऱ्या. पोराइट्स, फेवाइट्स, गोनिओपोरा, टर्बिनारिया ही इथली घराणी. नाजूक फांद्यांची शिंगप्रवाळं इथल्या गाळात तग धरत नाहीत.

(अंगठीतलं पोवळं इथलं, असं पर्यटकांना कधीकधी सांगितलं जातं. ते खरं नाही. दागिन्यातलं लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या वेगळ्याच जातीचं असतं. मालवणचं प्रवाळ मोडून घरी नेलं तर आठवड्यात त्याचा वास मारणारा पांढरा दगड होतो, आणि तो गुन्हाही ठरतो. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वाघाच्याच रांगेत, पहिल्या अनुसूचीत आहेत.)

प्रवाळाचा जीव म्हणजे मऊ शरीराचा, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू असलेला इवलासा प्राणी. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल उन्हावर अन्न बनवतं, त्यातला मोठा वाटा प्राण्याला मिळतो, आणि प्रवाळाचा रंगही बराचसा त्या शैवालाचाच असतो. पाणी नेहमीपेक्षा तापलं की ही भागीदारी तुटते, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक ऊतींतून खालचा चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. गढूळ पाण्यातल्या प्रवाळाला ऊन आधीच कमी मिळतं, त्यामुळे ते पाण्यातले सूक्ष्मजीव पकडून पोट भरण्यावर जास्त विसंबतं. मालवणचं प्रवाळ अशा कष्टाळू घरातलं आहे. ते मागास नाही. कठीण परिस्थितीत टिकण्याची कला त्याच्याकडे आहे, आणि ही कला तापत्या समुद्रात मोलाची ठरू शकते. मालवण वाचवावं असं मला वाटतं, त्याचं हे पहिलं कारण.

फितीखाली काय दिसतं

प्रवाळाची तब्येत तपासण्याची पद्धत ऐकायला सोपी आहे. वीस मीटरची फीत खडकावर अंथरायची, दर वीस सेंटिमीटरला तिच्या बरोबर खाली काय आहे ते पाटीवर लिहायचं. जिवंत प्रवाळ, मेलेलं प्रवाळ, शैवाल, वाळू, उघडा खडक, स्पंज. शंभर बिंदू होतात, म्हणून टक्केवारी आपोआप निघते. जोडीला चौकटीतले फोटो, फितीच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्यातले मासे, खडकाचा खडबडीतपणा मोजायला साखळी, आणि रंग ताडून बघायला छटांचं कार्ड.

मालवणात हे सोपं काम अवघड होतं ते पाण्यामुळे. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरात असते आणि तळाचा गाळ उठतो. म्हणून अष्टमीच्या आसपासचे, भरती-ओहोटी सौम्य असते ते भांगाचे दिवस धरावे लागतात, तेही पाणी निवळल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. म्हणजे वर्षभरात हाताशी येतात ते मोजके दिवस. त्यातही फीत कुठे अंथरायची हा प्रश्न उरतो. होडीवाला आपुलकीने त्याला माहीत असलेल्या सर्वांत देखण्या खडकावर नेतो. तिथेच फीत टाकली, तर मालवणचं प्रवाळ आहे त्यापेक्षा चांगलं दिसणार. आणि रोज शंभर माणसं जिथे उतरतात तिथेच टाकली, तर आहे त्यापेक्षा वाईट. म्हणून नकाशावर आधी चौकोन आखायचे, त्यातले काही चिठ्ठी टाकून निवडायचे, आणि निघालेल्या जागी काहीही असो, तिथेच उतरायचं. उघडा खडक निघाला तर तीही नोंद.

पण खरं वाचन सुरू होतं ते मेलेल्या किंवा आजारी वसाहतीपाशी. पांढरं दिसलं म्हणून सगळं उष्णतेचं नसतं. माझ्या मते जागा निवडण्याच्या संपूर्ण कामात याहून महत्त्वाचा भाग दुसरा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उष्णतेने रंग गेलेली वसाहत पांढरी दिसली तरी जिवंत असते. जवळ जाऊन पाहिलं की सांगाड्यावर काचेसारखा ऊतीचा थर असतो, कधी तंतूही हलताना दिसतात. शेजारच्या अनेक वसाहती एकाच वेळी तशा झालेल्या असतात. पाणी वेळेत निवलं तर त्या सावरतात.

रोगाने मरणारी वसाहत वेगळी. तिच्यावर पट्टा किंवा चट्टा असतो. एका बाजूला निरोगी ऊती, मधे ताजा पांढरा सांगाडा, पलीकडे शैवालाने भरलेला जुना भाग. पट्टा कुठून कुठे सरकला ते त्या रंगांच्या उतरंडीवरून वाचता येतं.

गाळाने मेलेला भाग खोलगट जागी सापडतो. गोल वसाहतीच्या माथ्यावरच्या खळग्यात चिखल साचतो, तिथल्या ऊती गुदमरतात, आणि उभ्या बाजू मात्र धडधाकट असतात. डोक्यावर टक्कल पडल्यासारखं दिसतं.

नांगराची खूण लपत नाही. खरवडलेला लांब ओरखडा, तळाशी पडलेले तुकडे, तुटलेल्या जागी धारदार पांढरेपणा. पायाची खूण त्याहून बारीक असते. ताटासारख्या टर्बिनारियाची कड मोडलेली, आणि माणसाला उभं राहता येईल एवढ्याच खोलीवरच्या वसाहतींचे माथे घासलेले. कमरेएवढ्या पाण्यात हे सर्रास, आणि चार मीटर खाली उतरलं की नाहीसं, असं दिसलं तर आरोपीचं नाव वेगळं विचारायला नको. जाळ्याने घासलेली जागा आणखी निराळी असते, तिथे दोरीचा तुकडा किंवा नायलॉनची गुंतवळ जवळपास सापडतेच.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मालवणच्या प्रवाळावर डायव्हिंग-पर्यटनाने होणाऱ्या मोडतोडीचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर पुन्हापुन्हा रंग जाणं, रोग आणि स्थानिक ताण एकमेकांवर चढून इथल्या ठिगळांची सावरण्याची ताकद कशी खचवतात, हेही त्यांनी मांडलं. हे दोन्ही अभ्यास एकत्र वाचायला हवेत. पहिल्यातलं नुकसान मालवणच्या धक्क्यावर थांबवता येतं, दुसऱ्यातलं फक्त काही अंशी. फितीवर मात्र दोन्ही नुकसानांची नोंद एकाच रकान्यात पडते: मेलेलं प्रवाळ.

टक्केवारीचा मोह

सरकारी टिपणीत एक आकडा हवा असतो. जिवंत प्रवाळ अमुक टक्के. आकडा जास्त ती जागा चांगली, तिला संरक्षण द्या. हा हिशोब इतका सरळ दिसतो की त्याला विरोध करणारा माणूस आडमुठा वाटतो. तरीही विरोध करायला हवा.

समजा दोन खडक आहेत आणि दोन्हींवर जिवंत प्रवाळ वीस टक्के भरलं. पहिल्यावर चार-पाच प्रचंड जुन्या वसाहती आहेत आणि त्यांच्यामध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा लहान एकही पिल्लू नाही. दुसऱ्यावर मोठी वसाहत एकही नाही, पण बोटभर, मूठभर वसाहती दाटीने रुजल्या आहेत. आकडा एकच, भविष्य मात्र वेगळं. पहिला खडक म्हातारा झालेला पाडा आहे. तिथे नवं पोर जन्मलेलं नाही. दुसऱ्या खडकावर काहीतरी घडून गेलं आहे आणि आता तो पुन्हा भरतो आहे. गोलसर पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, म्हणजे मीटरभर उंचीची वसाहत शंभरीच्या आसपासची. ती मोडली तर आपल्या हयातीत तिची जागा भरत नाही. म्हणून पहिल्या खडकालाही संरक्षण हवंच, फक्त वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या नियमांनी.

आणि आज भरलेला आकडा उद्या राहीलच असं नाही. लक्षद्वीपकडे बघा. अगत्ती, कदमत, कवरत्ती या बेटांवर १९९८ पासून चालू असलेल्या पाहणीत जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत वीसच्या आत आलं. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेच्या लाटांनी ते झालं. लाटेनंतर किती मेलं, यापेक्षा दोन लाटांमध्ये किती भरून आलं, हे तिथे निर्णायक ठरलं. एका वर्षीच्या पाहणीत हे कळणं शक्यच नाही.

म्हणून पिल्लं मोजायची. शैवाल खरवडून खाणारे मासे मोजायचे, कारण त्यांनी खडक साफ ठेवला तरच पिल्लांना रुजायला जागा मिळते. गोबरा, तांबोसा यांसारख्या मोठ्या शिकारी माशांची लांबी लिहायची. मोठे मासे उरलेच नसतील तर तिथे मासेमारीचा दाब किती आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि तापमान. पश्चिम किनाऱ्याचं पाणी पावसाळ्याच्या तोंडाशी, एप्रिल-मे मध्ये सर्वांत तापतं, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा एकदा चढतं. नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एक अंशाने वर गेलं आणि तसंच राहिलं, की ताण साठायला लागतो. असे चार आठवडे झाले की रंग जायला लागतो, आठ झाले की मरण सुरू होतं, असा उपग्रहांच्या नोंदींवर बसवलेला ठोकताळा जगभर वापरतात. पण उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो. किल्ल्याच्या पाठीमागच्या सावलीत, खडकाच्या कपारीत, चार मीटर खाली किती तापलं, हे कळायला तिथेच तापमापक बसवावा लागतो.

संरक्षणाने काय थांबतं

इथे ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आणावंसं वाटतं, कारण जागा निवडण्याचं इतकं पद्धतशीर काम क्वचितच कुठे झालं असेल. ग्रेट बॅरियर रीफच्या सागरी उद्यानात मासेमारीला पूर्ण बंदी असलेलं क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होतं. १ जुलै २००४ पासून ते जवळजवळ ३३ टक्के झालं. त्यासाठी त्यांनी आधी उद्यानाचे ७० जीवप्रदेश पाडले आणि प्रत्येक प्रदेशाचा किमान २० टक्के भाग बंद क्षेत्रात यावा असा नियम ठेवला. सर्वांत सुंदर जागा कोणत्या, असं विचारलंच नाही. प्रत्येक प्रकारच्या समुद्राचा नमुना राहिला पाहिजे, असं धरलं. लोकांकडून ३१,००० हून अधिक लेखी म्हणणी आली आणि त्यांवरून रेघा खरोखर हलवल्या गेल्या. बंद क्षेत्रांत कोरल ट्राउट या खाण्याच्या माशाचं प्रमाण पुढे स्पष्ट वाढलं.

मग २०१६ ची उष्णतेची लाट आली. त्या वर्षी रंग किती गेला, याच्याशी मासेमारी बंद होती की चालू, याचा जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. कागदावरची रेघ माशाला कळते, उष्णतेला कळत नाही.

यावरून संरक्षण व्यर्थ, असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. मला तो पटत नाही. माणसाच्या तापावर पट्टी बांधून उपयोग नाही हे खरं, पण म्हणून जखम उघडी ठेवायची नसते. नांगर, पाय, जाळी, सांडपाणी हे ताण काढले तर उष्णतेनंतर सावरायला प्रवाळाकडे ताकद उरते. अट एवढीच, की जागा निवडताना कोणता ताण रेघेने थांबतो आणि कोणता थांबत नाही, याची फोड आधी झालेली असावी. मालवणची तपासणी म्हणूनच मला कारणांच्या रकान्यांत हवी आहे.

आंग्रिया: दूर म्हणजे सुरक्षित?

कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे पठार सुमारे ४० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद. माथा पाण्याखाली जेमतेम वीस मीटरवर, आणि कडेला समुद्र चारशे मीटरपर्यंत खोल उतरतो. किनाऱ्याचा गाळ इथवर पोचत नाही, म्हणून पाणी नितळ. डिसेंबर २०१९ मध्ये वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी-इंडिया आणि इतर संस्थांच्या शास्त्रज्ञांची मोहीम तिथे जाऊन आली. २०२० मध्ये राज्य सरकारने आंग्रिया बँकेला संरक्षित दर्जा मिळावा अशी भूमिका घेतली.

इथे कायद्याचा पेच आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत आपला प्रादेशिक समुद्र. अभयारण्य तेवढ्यातच जाहीर करता येतं. आंग्रिया त्याच्या कितीतरी बाहेर, अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यात) आहे. तिथली मासेमारी हा केंद्राचा विषय. म्हणून वाट उरते ती १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याची, ज्याखाली केंद्र सरकार अशा एखाद्या भागाला विशेष क्षेत्र जाहीर करून तिथल्या सागरी पर्यावरणाच्या संरक्षणाची तरतूद करू शकतं.

नुसता टक्केवारीचा तराजू लावला, तर मालवण आणि आंग्रिया यांच्यात आंग्रियाचीच निवड व्हावी असं वाटेल. निवळ पाणी, मोठा विस्तार, वस्ती नाही, पर्यटक नाही. जाहीर करायलाही सोपं, कारण विरोध करायला गावच नाही. नेमकी याच गोष्टीची मला धास्ती वाटते. जिथे भांडण नाही तिथे रेघ ओढायची आणि काम झालं म्हणायचं, ही जगभर दिसणारी सवय आहे. २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र संरक्षित करण्याचं जे उद्दिष्ट डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत ठरलं, त्याच्या घाईत ती आणखी बळावेल.

आणि आंग्रिया रिकामी नाहीच. पठाराच्या कडेला मासा जमतो हे खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींना चांगलं ठाऊक आहे. कोणत्या बंदरातल्या बोटी तिथे जातात, कोणत्या महिन्यांत, कोणती जाळी घेऊन, याची नोंद प्रवाळाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची. वीस मीटरखाली पाणबुड्याला एका बुडीत अर्ध्या तासाच्या आसपासच काम करता येतं, आणि एवढ्या दूर काही बिघडलं तर मदत पोचायला तास जातात. म्हणून तिथे कॅमेरे खाली सोडून पाहणी करावी लागेल, खर्च वाढेल, आणि एका मोहिमेवर भागवण्याचा मोह होईल. तो टाळायला हवा. वीस मीटरची खोली उष्णतेपासून थोडा आडोसा देते असं वाटू शकतं. आडोसा खरा की आपली समजूत, हे निदान एक पूर्ण वर्ष तिथे तापमापक राहिल्याशिवाय बोलू नये.

मी रेघ कुठे ओढेन

मालवण आणि आंग्रिया यांतलं एक निवडा, असा प्रश्नच मी घेणार नाही. दोन्ही दोन प्रकारच्या समुद्राचे नमुने आहेत. एक गढूळ पाण्यात टिकायला शिकलेला, एक निवळ पाण्यात पसरलेला. पण आधी पैसा आणि माणसं कुठे लावायची, असं विचारलं तर माझं उत्तर मालवण आहे. कारण मालवणचं बरंच नुकसान आपल्या हातांनी होतं, आणि हात आखडता घेता येतो.

सबंध २९ चौरस किलोमीटरांची लढाई मी पहिल्या दिवशी लढणार नाही. गाभ्यातल्या प्रत्येक खडकाची कारणांनिशी तपासणी करून तीन प्रकार पाडेन. पहिला, म्हाताऱ्या वसाहतींचे खडक. तिथे नांगरही नको आणि पोहणारेही नकोत, सबंध वर्ष. असे खडक थोडे असतील, त्यामुळे कुणाचं पोट त्यावर अडणार नाही. दुसरा, पिल्लं दाट असलेले खडक. तिथे होडी येऊ दे, पण नांगर टाकायचा नाही, कायमच्या तरंगत्या बोयाला बांधायची, आणि पाण्यात उतरणाऱ्याचा पाय तळाला लागणार नाही एवढी खोली असेल तिथेच उतरवायचं. तिसरा, उघडे किंवा पूर्वीच मेलेले खडक. पोहायला शिकणाऱ्या पर्यटकांची गर्दी तिकडे वळवायची. मासे तिथेही असतात, पर्यटकाचा आनंद कमी होत नाही. पाव-बिस्किटं टाकून मासे जमवणं मात्र तिन्ही ठिकाणी बंद, कारण बिस्किटाला सोकावलेला मासा खडकावरचं शैवाल खात नाही.

या रेघा कोण ओढणार, हा १९८७ मध्ये राहून गेलेला प्रश्न. नकाशा घेऊन आधी रापणकारांकडे, गळाने मासे धरणाऱ्यांकडे आणि स्नॉर्केलिंगच्या होड्यावाल्यांकडे जावं लागेल. कोणता खडप (पाण्यातला खडक) कधी भरलेला होता, कुठला कधी ओसाड झाला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आपल्याकडची मोजणी गेल्या काही वर्षांची आहे, त्यांची आठवण चाळीस वर्षांची. ती चूक असू शकते, जशी आपली फीतही चुकते. दोन्ही ताडून बघायच्या. किनाऱ्यावर आज परप्रांतीय ट्रॉलर, पर्ससीन (माशांचा अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी) आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून जो संताप आहे, त्यात अभयारण्य हे पारंपरिक मच्छीमाराच्या बाजूने उभं राहू शकतं. पण ते त्याला खरं वाटायला हवं असेल, तर पहिला बंद खडक त्याने स्वतः बोटाने दाखवलेला असला पाहिजे.

वेळापत्रक समुद्रच ठरवून देतो. पावसाळ्यात किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद. म्हणून मे संपायच्या आत तिन्ही प्रकारच्या खडकांवर तापमापक बसलेले हवेत आणि फितीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकलेले हवेत. पाऊस ओसरून पाणी निवळलं की नोव्हेंबरातल्या पहिल्या भांगाला त्याच खिळ्यांवर तीच फीत पुन्हा अंथरायची, आणि शेजारी त्याच खडकावर वर्षानुवर्षं नांगर टाकलेला एक तरी होडीवाला बसलेला असावा.